नाव ‘संघर्ष’, पण संघर्ष कुठे आहे?

‘संघर्ष’ हा शब्द कानावर पडला की आपला माणूस सावरून बसतो. आपल्या चळवळीचा तो शब्द आहे. महाडच्या तळ्यापासून नामांतरापर्यंत आपल्या आईबापांनी तो जगून दाखवला. त्यामुळे गेल्या रविवारी आमच्या गल्लीतल्या एका घरी ‘संघर्ष’ नावाचा जुना हिंदी चित्रपट लावला, तेव्हा आयाबाया, पोरीबाळी, म्हातारीकोतारी अशी सगळी मंडळी टीव्हीपुढे जमली. शेंगदाणे फोडत चित्रपट पाहणे सुरू झाले. त्यातच पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या गल्लीतली एक मुलगी होती. पहाटे पाचला उठून ती मैदानावर धावते, दुपारी कायद्याची पुस्तके वाचते. चित्रपटाची नायिका सीबीआयची अधिकारी आहे असे कळल्यावर ती वही घेऊनच बसली.

अडीच तासांनी चित्रपट संपला. वहीचे पान कोरेच होते. मुलगी म्हणाली, “काकू, यात तपास कुठे होता?”

तिच्या या एका प्रश्नामुळे आम्ही हा लेख लिहायला घेतला. आमचे कर्जत म्हणजे रायगड जिल्ह्यातले लोकलचे कर्जत नव्हे. आम्ही नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आता अहिल्यानगरच्या, दुष्काळी टोकाला राहतो. इथे रेल्वे नाही, रेहेकुरीची काळविटे आहेत आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या आहेत. इथल्या मुलीला वर्दी मिळाली तर सबंध घराची मान ताठ होते. म्हणून पडद्यावरची वर्दीतली बाई तिला काय शिकवते, हा प्रश्न आम्हाला करमणुकीपुरता वाटत नाही.

चित्रपटाची गोष्ट

‘संघर्ष’ ३ सप्टेंबर १९९९ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शिका तनुजा चंद्रा, लेखन महेश भट्ट यांचे. रीत ओबेरॉय (प्रीती झिंटा) ही सीबीआयमधली नवशिकी अधिकारी. लहान मुले पळवली जात आहेत आणि त्यांचे मुडदे सापडत आहेत. हे करणारा लज्जाशंकर पांडे (आशुतोष राणा) देवीचा वेडा भक्त आहे. लेकरांचे बळी दिले तर आपण अमर होऊ, असे त्याच्या डोक्यात बसले आहे. तपास रीतकडे येतो. पण ती स्वतःच आतून मोडलेली आहे. लहानपणी तिचा अतिरेकी भाऊ तिच्या डोळ्यांदेखत पोलिसांच्या गोळीने मेला, ती भीती तिला सोडत नाही. मदतीसाठी ती तुरुंगात असलेल्या अमन वर्मा (अक्षय कुमार) या बुद्धिमान प्राध्यापकाकडे जाते. पुढे गृहमंत्र्यांचाच मुलगा पळवला जातो आणि सूर्यग्रहणाच्या वेळी शेवटचा बळी द्यायचे ठरते.

ज्यांनी १९९१ चा ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला असेल, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. त्यातही एफबीआयची नवशिकी तरुणी आहे, तिच्या मनात बालपणाची जखम आहे आणि तुरुंगातल्या एका हुशार माणसाकडून ती धागे मिळवते. त्या चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले होते. अमेरिकेची ही केंद्रीय तपास यंत्रणा आपल्याकडे आणताना तिची सीबीआय झाली. तेवढा बदल सोपा होता, पुढचे मात्र जमले नाही.

चांगले आहे ते चांगले म्हटलेच पाहिजे. १९९९ साली हिंदी चित्रपटात नायिका म्हणजे झाडाभोवती फिरणारी बाहुली. त्या काळात एका स्त्रीने दिग्दर्शन करावे, तपास अधिकारी स्त्री असावी आणि तिच्या भीतीला गोष्टीत जागा मिळावी, ही लहान गोष्ट नव्हती. आशुतोष राणांचा अभिनय तर अंगावर काटा आणतो. आमच्याकडची लहान पोरे चादरीत तोंड लपवून बसली होती. त्या वर्षीचा खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला, तो योग्यच होता.

मग निराशा कशाची?

निराशेचे पहिले कारण नायिकाच आहे. इंग्रजी चित्रपटातली मुलगी शेवटी एकटी, काळोखात, थरथरत्या हाताने गुन्हेगाराला सामोरी जाते. भीती तिलाही आहे, पण हातातले काम ती सोडत नाही. आपल्या रीतची भीती मात्र किंचाळण्यात आणि रडण्यात खर्ची पडते. जसजसा चित्रपट पुढे जातो, तसतशी ती अधिकाऱ्याची प्रेयसी होते. धागे तो शोधतो, मारामारी तो करतो, बलिदानही तोच करतो. केंद्र सरकारने तिच्या हाती दिलेला तपास कधी त्याच्या हाती गेला, हे आपल्यालाही कळत नाही. मग तिला सीबीआयची अधिकारी केले तरी कशाला?

दुसरे कारण तपासाचे. पंचनामा नाही, जबाब नाही, साक्षीदार नाही, न्यायवैद्यक प्रयोगशाळा नावापुरती. अमुक ठिकाणी गुन्हेगार असेल असे कुणाला तरी वाटते आणि तो तिथे सापडतो! आमच्या वहीवाल्या मुलीला जे लिहून घ्यायचे होते ते नेमके हेच होते. तपास म्हणजे अंतःप्रेरणा, हा समज पडद्यावर गोड दिसतो. प्रत्यक्षात असा अंदाजाचा तपास झाला की त्याची किंमत गरिबाला मोजावी लागते.

तिसरे कारण आम्हाला सर्वात जास्त बोचले. अमन वर्मा अन्यायाने तुरुंगात आहे, असे चित्रपट सांगतो. एवढी मोठी गोष्ट सांगून चित्रपट पुढे निघून जातो! निरपराध माणूस आत कसा गेला, कोणी घातला, त्याच्या घरच्यांचे काय झाले, काही नाही. जणू नायकाला बेड्या शोभून दिसतात म्हणून त्या घातल्या आहेत.

खऱ्या आयुष्यात या बेड्या कशा असतात ते ऐका. २००३ साली नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा, खून आणि अत्याचार झाले. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसांना पकडण्यात आले. खालच्या न्यायालयापासून वरपर्यंत खटला गेला आणि २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे फेरविचार झाला. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. कारण काय? प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच चार जणांना ओळखले होते आणि त्यांचा तपास झालाच नव्हता. सोळा वर्षे गेली. आईबाप गेले, लेकरे बापाविना वाढली. आणि खरे गुन्हेगार मोकळेच राहिले, म्हणजे त्या पीडित कुटुंबालाही न्याय नाही तो नाहीच. आमच्या कर्जत-जामखेड भागातल्या पारधी वस्त्यांना विचारा, गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठे येते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण मनातला कधी रद्द होणार?

चौथे कारण अंधश्रद्धेचे. नरबळीचा विषय घेतलात तर तो नीट घ्या. चित्रपटात नरबळी देणारा एकटा राक्षस आहे, लाल डोळ्यांचा, साडी नेसणारा, किंचाळणारा. तो मेला की प्रश्न मिटला. पण अंधश्रद्धा अशी राक्षसाच्या रूपात येत नाही. ती शेजारच्या काकांच्या रूपात येते, गुप्तधन सांगणाऱ्या बाबाच्या रूपात येते. चित्रपट लागण्याच्या तीनच आठवडे आधी, ११ ऑगस्ट १९९९ रोजी, सूर्यग्रहण झाले होते. त्या दिवशी खेड्यापाड्यांत शिकल्यासवरल्या घरांतही गरोदर सुनांना दारे लावून आत बसवले गेले. ज्यांनी १९५६ साली देव्हारे रिकामे केले, त्यांच्या काही घरांतही ग्रहणाची भीती उरली होती, हे आपण कबूल केले पाहिजे. चित्रपटाने त्या भीतीला प्रश्न विचारला नाही. उलट ग्रहणाचा उपयोग घाबरवण्यासाठीच केला.

सीबीआय म्हणजे जादूची कांडी नव्हे

आपल्याकडे काही मोठे घडले की पहिली मागणी होते, “सीबीआय चौकशी करा!” चित्रपटांनी या भाबडेपणाला खतपाणी घातले आहे. सीबीआय १ एप्रिल १९६३ रोजी स्थापन झाली, तिचे अधिकार १९४६ च्या एका कायद्यातून येतात आणि राज्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय ती राज्यात तपास करू शकत नाही. ती चांगली की वाईट, हे तिथे बसलेल्या माणसावर आणि पुराव्यावर ठरते.

चित्रपटातल्या विषयाला सर्वात जवळची खरी घटना म्हणजे नोएडाजवळची निठारी. तिथेही लेकरे नाहीशी होत होती. पण ती मंत्र्यांची नव्हती, मजुरांची होती. आईबाप पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिले, कोणी ऐकले नाही. डिसेंबर २००६ मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात हाडे सापडली तेव्हा देश हादरला. जानेवारी २००७ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. फाशीच्या शिक्षाही झाल्या. पण १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढत आरोपींना निर्दोष सोडले आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. मग त्या लेकरांना मारले कोणी? केंद्रीय यंत्रणा असूनही या प्रश्नाचे उत्तर नाही.

आपल्या महाराष्ट्रात पाहा. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे शिक्षेची तरतूद आहे. त्यांच्या खुनाचा तपास २०१४ मध्ये सीबीआयकडे गेला. १० मे २०२४ रोजी निकाल लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. सूत्रधारांपर्यंत तपास पोचला नाही, हे न्यायालयानेच म्हटले.

आणि खैरलांजी तर आपल्या काळजातली जखम. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात ते हत्याकांड झाले. सीबीआय आली, २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असेही ठरले! सहा जणांची फाशी २०१० मध्ये उच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. ज्या कारणासाठी ते कुटुंब मारले गेले असे सबंध समाज सांगत होता, ते कारण कागदावर सिद्ध झाले नाही. तपासाच्या पहिल्या काही दिवसांत जे निसटते ते पुढे कितीही मोठ्या यंत्रणेच्या हाती लागत नाही, हा यातला धडा आहे.

एकच न्यायालय, सहा दिवस

आता आमच्या घराजवळ येऊ. २०१७ चा नोव्हेंबर महिना आम्ही कधी विसरणार नाही.

आमच्या कर्जत तालुक्यातील कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी शाळेत जाणाऱ्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर राज्यभर लाखोंचे मोर्चे निघाले. त्यात अॅट्रॉसिटी कायद्याविरुद्धही मागण्या झाल्या, आरोपींच्या जातीची चर्चा झाली, आणि आपल्या वस्त्यांनी ते दिवस दडपणाखाली काढले. तरी आम्ही तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो, की ती मुलगी आमचीच होती. लेकराला जात लावून जो रडतो त्याचे रडणे खोटे. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या न्यायालयाने तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली.

त्याच्या सहाच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, नगरच्याच न्यायालयात दुसरा निकाल लागला होता. शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी एप्रिल २०१४ मध्ये आपल्या समाजातील एका शाळकरी मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो एवढाच संशय, असे त्याच्या आईबापांचे म्हणणे होते. या खटल्यात एकापाठोपाठ एक साक्षीदार उलटले आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले. मुलाचा खून झाला हे खरे, पण तो कोणी केला हे न्यायालयात सिद्ध झाले नाही.

दोन लेकरे, दोन शेजारचे तालुके, निकालात सहा दिवसांचे अंतर. फरक कुठे पडला? एका ठिकाणी साक्षीदार उभे राहिले, दुसऱ्या ठिकाणी फितले. थरारपटात साक्षीदार कधी दिसतोच का? नायकाने खलनायकाला मारले की पडदा पडतो. आपल्याकडे खरा थरार त्यानंतर सुरू होतो. ज्या गावात राहायचे, ज्याच्या शेतात मजुरीला जायचे, त्याच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहून खरे बोलायचे. यापेक्षा मोठा संघर्ष कोणता? याच जिल्ह्यातील सोनईत १ जानेवारी २०१३ रोजी तीन तरुण सफाई कामगारांचे हत्याकांड झाले. साक्षीदारांवर दबाव येईल म्हणून तो खटला नाशिकला हलवावा लागला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथे सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. म्हणजे साक्षीदाराला जरा मोकळा श्वास मिळाला तर न्याय मिळू शकतो.

मग पोरींनी पाहावे तरी काय?

निराशेवरच थांबू नये म्हणून एक चांगले नाव सांगतो. २०२३ साली आलेली ‘दहाड’ ही आठ भागांची हिंदी मालिका. रीमा कागती आणि झोया अख्तर यांची निर्मिती. राजस्थानातल्या एका लहान शहरात अंजली भाटी (सोनाक्षी सिन्हा) ही दलित उपनिरीक्षक आहे. ती टेबलाजवळून गेली की एक सहकारी उदबत्ती लावतो! ती मात्र नोंदवह्या चाळते, जुन्या तक्रारी काढते, घराघरांत जाऊन विचारते. हुंडा देऊ न शकणाऱ्या गरीब मुली एकेक करून नाहीशा झाल्या आहेत, आणि ‘पळून गेली असेल’ म्हणून कोणी शोधलेलेच नाही, हे तिच्या लक्षात येते. तिच्याही मनात जखम आहे. पण ती जखम तिच्या आडनावाची आहे, बापाने भीतीपोटी बदललेल्या आडनावाची. शेवटी ती आपले मेघवाल हे मूळ नाव परत घेते. ही मालिकाही निर्दोष नाही, ती जरा लांबली आहे. शिवाय शिवीगाळ आणि हिंसा असल्याने लहान मुलांबरोबर पाहू नये. पण मोठ्या मुलींनी जरूर पाहावी. रीतला जे मिळाले नाही ते अंजलीला मिळाले, तिचा तपास शेवटपर्यंत तिच्याच हाती राहिला.

आणि पडद्याबाहेरही उदाहरणे आहेत. मीरा बोरवणकर १९८१ च्या तुकडीच्या आयपीएस अधिकारी. १९९४ साली गाजलेल्या जळगावच्या प्रकरणात भेदरलेल्या मुलींना बोलते करण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे मुंबई गुन्हे शाखेच्या त्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या आणि सीबीआयमध्येही त्यांनी काम केले. भेदरलेल्या मुलीला विश्वास देऊन तिच्याकडून सत्य काढून घेणे, हे पिस्तुलापेक्षा अवघड काम आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानेही हेच ओळखले. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि वर्दी न घालता घ्यावा, असे त्यात सांगितले आहे.

घरोघर लक्षात ठेवावे असे

चित्रपट विसरला तरी चालेल, पण पुढील गोष्टी माता-भगिनींनी विसरू नयेत. एकदा वस्तीतल्या मुलीच्या तक्रारीसाठी आम्ही एका ठाण्यात गेलो, तर “येईल संध्याकाळपर्यंत, उद्या या” असे उत्तर मिळाले. सुदैवाने मुलगी आत्याकडे सापडली. पण तेव्हा आम्हाला कायदा ठाऊक नव्हता, म्हणून आम्ही मुकाट्याने परतलो. तुम्ही परतू नका.

मूल हरवले तर चोवीस तास थांबायची गरज नाही. १८ वर्षांखालील मूल हरवल्याची तक्रार अपहरण समजून लगेच नोंदवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. हद्द आमची नाही असे म्हटले तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, ऊसतोडीला परमुलखात असलात तरीही. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक दारामागे लिहून ठेवा. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करता येत नाही, आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला आहे. तो लेखी अर्ज करून मागा.

आमच्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीचे कोरे पान भरले. तिने वर लिहिले ‘तपास’, आणि खाली ओळीने लिहिले: फिर्याद, पंचनामा, जबाब, पुरावा, साक्षीदार, दोषारोपपत्र. मग ती म्हणाली, “काकू, मी भरती झाले ना, तर ‘उद्या या’ असं कुणालाच म्हणणार नाही.”

अडीच तासांच्या चित्रपटात आम्ही जे शोधत होतो, ते या एका वाक्यात सापडले. पहाटे पाच वाजता अंधारात धावणाऱ्या आपल्या अशा लेकी गावोगाव आहेत. टीव्हीचा आवाज कमी करा, त्यांना अभ्यासाला दिवा आणि धावायला बूट घेऊन द्या. खरा ‘संघर्ष’ त्या करतीलच.